बेळगावातून समुद्रावर: आधी घाट ठरवा, मग किनारा

सुट्टी लागली की बेळगावातल्या घरोघरी एकच प्रश्न असतो: यंदा कुठल्या बीचवर? मग कुणीतरी फोनवर मालदीवचे नाहीतर थायलंडचे फोटो दाखवतं, कुणीतरी विमानाच्या तिकिटाचा आकडा सांगतं आणि शेवटी सगळे गाडी काढून कळंगुटला जातात. दुपारी पार्किंग शोधतात, संध्याकाळी गर्दीत चार फोटो काढतात आणि रात्री चोर्ला घाटाच्या धुक्यात जीव मुठीत धरून परत येतात.

खरं तर माडाची सावली, मऊ पुळण आणि बारा महिने कोमट पाणी आपल्यापासून तीन-चार तासांवर आहे. आपण राहतो सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, म्हणून समुद्राकडे जायचं म्हणजे घाट उतरायचा. किनाऱ्याचं नाव ठरवण्याआधी घाट ठरवला, की निम्मी सहल मार्गी लागते. महिना आणि तिथी कोणती, कोण बरोबर आहे आणि किती दिवस हातात आहेत, हे त्यानंतरचे प्रश्न. याच क्रमाने जाऊ.

चार वाटा

चोर्ला सगळ्यांच्या ओळखीचा. बेळगावहून किणये, जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला उतरून केरी आणि साखळी. साखळीहून एक रस्ता पणजीकडे जातो आणि दुसरा डिचोलीवरून म्हापशाकडे. पणजी साधारण एकशेदहा किलोमीटर पडते, पण अंतर बघून वेळेचा अंदाज बांधू नका. रस्ता बरा असेल तर तीन तास, पावसाने खड्डे पडलेले असतील तर चार. निघायच्या आदल्या दिवशी त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या एखाद्या टेंपोवाल्याला विचारून घ्या. नकाशातल्या हिरव्या रेषेपेक्षा त्याचं म्हणणं खरं निघतं.

इथे एक गोष्ट नवख्यांना नेहमी चकवते. गोव्यात केरी नावाची एकाहून जास्त गावं आहेत. चोर्ला उतरल्यावर लागतं ते सत्तरी तालुक्यातलं केरी. तिथे अंजुणे धरण आहे, समुद्र नाही. समुद्रकिनारा आहे तो पेडणे तालुक्यातल्या केरीला, गोव्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदीच्या मुखाशी. फोनमध्ये नुसतं ‘केरी’ टाकलंत तर धरणावर पोचाल.

दुसरी वाट आंबोलीची. हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड, नांगरतास, आंबोली, सावंतवाडी आणि पुढे वेंगुर्ला. जुनी माणसं अजून ‘वेंगुर्ला रोड’च म्हणतात. रेल्वे येण्याआधी वेंगुर्ला बंदरातून घाटमाथ्यावर माल चढायचा तो याच बाजूने. वेंगुर्ल्यापर्यंत अंतर सव्वाशेच्या आत-बाहेर. माझ्या मते चारांत ही वाट सगळ्यात सुखाची. घाट रुंद आहे, चंदगडच्या बाजूला काजूची झाडं आणि हिरवी शेतं लागतात, आणि सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी थांबून चहा घेता येतो. फक्त जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी आंबोलीच्या धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत घाट ओलांडा, नाहीतर सगळी सकाळ तिथेच जाईल.

निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडच्यांनी बेळगावात यायची गरजच नाही. संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा, आंबोली असा सरळ रस्ता सावंतवाडीकडे आणि पुढे बांद्याला जातो. मालवणलाच जायचं असेल तर निपाणीकरांना राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट आणि कणकवली हीदेखील सोयीची वाट आहे.

तिसरी अनमोडची: खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड, मोले. दक्षिण गोव्यासाठी, म्हणजे मडगाव, कोलवा, बाणावली, आगोंद, पाळोळे यांच्यासाठी, हीच धरा. चोर्ल्याने उतरून पणजीमार्गे दक्षिणेला जाणं म्हणजे शहराची गर्दी अंगावर ओढून घेणं. खानापूरकरांना तर ही घरचीच वाट. गाडी चालवायची नसेल तर रेल्वेही इथूनच उतरते. लोंढ्याहून कॅसलरॉक आणि पुढे कुळेपर्यंतचा ब्रगांझा घाट सदतीसास एक इतक्या चढाचा आहे, आणि गाडी ३१० मीटर उंचीच्या दूधसागरच्या अंगावरून जाते. बेळगावहून मडगाव-वास्कोकडे जाणारी गाडी निवडताना ती हा पट्टा दिवसा ओलांडते की रात्री, हे बघून तिकीट काढा. मुलांना दूधसागर दाखवायचा म्हणून निघालात आणि तो काळोखात गेला, तर घरी परतेपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

चौथी वाट कर्नाटकातल्या कर्नाटकात. रामनगरहून जोयडा, अणशी, कद्रा करत कारवार. हे अंतर दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. जंगल दाट, वळणं भरपूर, आणि लांबच्या लांब पट्ट्यात फोनला रेंज नाही. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि पेट्रोल भरून निघा. गोकर्ण-मुरुडेश्वरला जायचं असेल तर अळणावर, हल्याळ, यल्लापूर आणि अरबैल घाटाने अंकोल्याला उतरणं जास्त सोपं. गोकर्ण दोनशे किलोमीटरच्या वर जातं, त्यामुळे एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नका.

बसने जाणाऱ्या बायकांसाठी या चौथ्या वाटेचा मोठा फायदा आहे. जून २०२३ पासून सुरू असलेल्या शक्ती योजनेत कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवलं की राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही. आई, मावशी, दोन मुली अशी टोळी गोकर्णला जाऊन आली तर जाण्या-येण्याचा खर्च जवळजवळ शून्य. गोवा-महाराष्ट्रात जाणाऱ्या गाड्यांमध्ये या सवलतीचा भरवसा धरू नका. आणि वेंगुर्ला-सावंतवाडीच्या एसटीने जाणार असाल तर आपल्याला वेगळं सांगायला नको: सीमेवर काही पेटलं की दोन्हीकडच्या गाड्या हद्दीवर थांबतात. तशा दिवसांत सकाळी स्टँडवर फोन करूनच घराबाहेर पडा.

महिना, मग तिथी

ऑक्टोबर निम्मा सरल्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. आकाश स्वच्छ, पाणी निवळ, रात्री हवा थोडी गार. मार्च ते मे दमट उकाडा असतो, पण त्या दिवसांत काजू, फणस, हापूस असतात, आणि सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर समुद्रावर गेलं तर त्रास होत नाही. जून ते सप्टेंबर किनारा पाहायचा, पाण्यात उतरायचं नाही. या काळात गोव्यातले शॅक काढून ठेवलेले असतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, म्हणून ताटातला मासा बहुधा बर्फातला किंवा खाडीचा. घाटही बेभरवशाचे. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला राष्ट्रीय महामार्गावर डोंगर कोसळला होता, हे विसरू नका.

दोन काळ मी टाळीन. एक नाताळ ते एक जानेवारी, कारण खोलीचे भाव वाट्टेल तसे चढतात आणि म्हापशापासून पुढे गाडी चालत नाही, सरकते. दुसरा गणपतीचे पहिले पाच-सात दिवस, पण तळकोकणापुरता. तिथे तेव्हा घरोघरी गणपती असतो, खानावळवाल्याच्या घरीही असतो. रिकाम्या किनाऱ्यावर उपाशी बसायची वेळ येते.

आता तिथी. घरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका समुद्रावर इतकी उपयोगी पडते हे घाटावरच्या फार थोड्यांना ठाऊक असतं. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारच्या सुमारास समुद्र भरलेला असेल, आणि तशीच एक भरती पहाटे होऊन गेलेली असेल. दोन भरत्यांच्या मधोमध, म्हणजे भरतीपासून सव्वासहा तासांवर, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती आणि दुपारी बाराच्या पुढे ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरा. सव्वाअकराच्या आसपास भरती येते. शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यावर हे गणित उभं आहे. तासाभराचा फरक पडू शकतो हे धरून चाला, आणि होडीने कुठे जायचं असेल तर होडीवाल्याचाच शब्द शेवटचा.

याचा उपयोग काय? पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास संध्याकाळी ओहोटी असते आणि ती मोठी असते. सूर्यास्ताला पुळण रुंद, ओली, चालायला घट्ट. लहान मुलांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना फेरी मारायला हे दिवस उत्तम. पण उधाणाची भरतीही तितकीच मोठी, म्हणून सकाळी वाळूत पसरलेलं सामान दुपारी पाण्यात जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही, ओढही कमी. पोहायला शिकणाऱ्यांना किंवा पाण्याखाली मासे बघायला जाणाऱ्यांना हे दिवस बरे.

बरोबर कोण आहे?

*आजी-आजोबा आणि लहान मुलं.* मी डोळे झाकून शिरोड्याचं वेळागर सांगतो. वाळूच्या मागे सुरूचं बन आहे, त्यामुळे भर दुपारीही सावलीत चटई टाकून बसता येतं. गाडी जवळपर्यंत जाते. १९३० चा मिठाचा सत्याग्रह याच गावात झाला, आणि मिठागरं आजही दिसतात. मीठ कुठून येतं हे मुलांना तिथे उभं करून दाखवता येतं. जवळच रेडीचा गणपती आणि यशवंतगड. गुडघे दुखणाऱ्यांना गडावर नेऊ नका, गणपतीला न्या. याच पट्ट्यात वेंगुर्ल्याजवळचा सागरेश्वर आहे: लांबलचक सरळ पुळण, देऊळ, आणि शनिवार-रविवार सोडला तर शांतता.

गोव्यातच जायचं असेल तर म्हाताऱ्यांसाठी पाळोळे. अर्धगोल आखात आहे, दोन्ही टोकांना खडकाचे डोंगर, त्यामुळे लाटा मंदावून येतात. अनमोडने उतरून दोन दिवसांचा बेत केला तर पहिल्या दिवशी पाळोळे आणि दुसऱ्या दिवशी काब द रामाचा किल्ला व आगोंद बघून परत निघता येतं. आगोंद आणि गालजीबाग हे समुद्री कासवांचे किनारे आहेत. हिवाळ्यात मादी रात्री अंडी घालायला येते, म्हणून तिथे रात्री टॉर्च-गोंगाट नको. वाळूत दोरी लावून राखलेली जागा दिसली तर तिच्यावरून चालू नका.

*कॉलेजची पोरं.* यांना गोकर्ण. कुडले, ओम, हाफ मून आणि पॅरडाइज हे चार किनारे डोंगराच्या सोंडांनी एकमेकांपासून वेगळे झालेत, आणि त्या सोंडांवरून पायवाट जाते. सकाळी लवकर गोकर्ण गावातून निघून डावीकडे समुद्राचा कडा आणि उजवीकडे झाडी, असं समजून चालू नका. जाताना समुद्र तुमच्या उजव्या हाताला असतो, तो तसाच ठेवायचा. ओमपर्यंत गाडीरस्ता आहे, पुढच्या दोन किनाऱ्यांना पाय किंवा होडी. पायात चप्पल नको, बूट हवेत, आणि माणशी दोन लीटर पाणी. परतीला होडी घेणार असाल तर ती किती वाजेपर्यंत मिळेल हे जातानाच विचारून ठेवा. काळोख पडल्यावर ती सोंड ओलांडणं वेडेपणा आहे. महाबळेश्वराचं दर्शन घ्यायचं असेल तर सकाळीच घ्या. ओल्या चड्ड्यांवर देवळात सोडत नाहीत आणि सोडूही नये.

*ज्यांना पाण्याखाली बघायचंय.* मालवण-तारकर्ली, नाहीतर मुरुडेश्वरहून नेत्राणी बेट. मालवणला सिंधुदुर्गाच्या तटाजवळच्या खडकांत डुबकी मारवतात. सोबत मार्गदर्शक असतो, पोहता आलं नाही तरी चालतं. दमा, कानाचं दुखणं, रक्तदाब असेल तर ते फॉर्मवर लपवू नका. पाणी निवळ असतं ते डिसेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये वारा वाढला की खालचं गढूळ होतं आणि पैसे दिल्याचं दुःख होतं. किल्ला बघायला अर्धा दिवस वेगळा ठेवा. १६६४ मध्ये कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत तट उभा राहिला. दहा मिनिटांत सेल्फी काढून परतायची ती जागा नव्हे.

*ज्यांना माणूस दिसायला नको.* वेंगुर्ला ते मालवण हा मधला पट्टा: वायंगणी, कोंडुरा, निवती, भोगवे. निवतीच्या किल्ल्याच्या टेकडीवर चढलं की भोगव्याची पांढरी पुळण खाली पसरलेली दिसते. संपूर्ण किनारपट्टीत हे दृश्य मला सगळ्यात आवडतं. कोंडुरा खडकाळ आहे. बघायला सुंदर, पोहायला नाही. या गावांत हॉटेल शोधू नका. घरगुती खोल्या मिळतात, जेवण आधी सांगावं लागतं आणि रात्री नऊनंतर काही उघडं नसतं. सकाळी लवकर उठलात आणि नशीब असेल तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघायला मिळेल. अख्खा गाव दोर धरतो. तुम्हीही हात लावलात तर कुणी नाही म्हणत नाही, फक्त जाळ्यावर पाय देऊ नका.

*कारवार* मधेच सोडून देण्यासारखं नाही, तरी लोक ते गोकर्णच्या वाटेवर ओलांडून जातात. शहराला लागून रवींद्रनाथ टागोरांच्या नावाचा किनारा आहे. तरुणपणी ते इथे भावाकडे राहून गेले होते. तिथेच निवृत्त युद्धनौका ‘चपल’ ठेवलेली आहे, मुलं तासभर रमतात. काळी नदीच्या पलीकडे सदाशिवगड, आणि गोव्याच्या हद्दीजवळ माजाळीहून टेकडी ओलांडली की तीळमाती: तिळासारखे काळे बारीक कण असलेली पुळण. कारवारच्या दक्षिणेकडचा काही किनारा नौदलाच्या तळामुळे बंद आहे. पाटी दिसली की वळा, वाद घालू नका. मराठी आणि कोकणी दोन्ही चालतात, त्यामुळे आई-वडिलांना परकं वाटत नाही.

बायकांना कपडे बदलायला स्वच्छ जागा हवी, ही अडचण सहलीचा बेत आखणाऱ्या पुरुषांच्या लक्षात येत नाही. होन्नावरजवळच्या कासरकोडला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं मानांकन मिळालं. अशा किनाऱ्यावर शॉवर आणि चेंजिंग रूम असतात. इतरत्र किनाऱ्याजवळ निदान एक खोली दिवसभरासाठी घ्या. चार बायका मिळून घेतली तर जड जात नाही.

आणि कळंगुट-बागा? ज्यांना गर्दी, पॅरासेलिंग, मोठा आवाज हवा असतो त्यांच्यासाठी ती जागा चांगलीच आहे. फक्त शांत सुट्टी म्हणून तिथे जाऊ नका. त्याच चोर्ल्याने उतरून म्हापशाहून उत्तरेला मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल करत पेडण्याच्या केरीपर्यंत जा. केरीहून फेरीबोटीने तेरेखोल ओलांडलं की किल्ला, आणि पुढे रेडी-शिरोडा. म्हणजे चोर्ल्याने उतरायचं आणि आंबोलीने चढायचं, अशी दोन दिवसांची सुंदर प्रदक्षिणा होते. एकाच रस्त्याने परतायचा कंटाळा येणाऱ्यांनी ही जरूर करावी.

खोली आणि ताट

खोली किनाऱ्याला चिकटूनच हवी असा आग्रह नको. पाच-सात मिनिटं आत चालत गेलं की भाव उतरतो आणि झोप चांगली लागते. फोनवर बोलताना तीन गोष्टी विचारा: गाडी आत लागते का, वीज गेली तर पंखा चालतो का, आणि पोहून आल्यावर अंग धुवायला बाहेर नळ आहे का.

जेवणात हट्ट एकच: त्या दिवशी काय ताजं आलंय ते विचारून मागवा. बांगडा, सुरमई, पेडवे, तिसऱ्या, आणि सोलकढी. पापलेटच हवं म्हणून अडून बसणारा माणूस महागडं आणि शिळं खातो. कारवारला शेवटो नाहीतर नोगली मिळाली तर सोडू नका. शाकाहारी माणसांचे हाल होतात असं म्हणतात, पण गोकर्णला आणि मालवणातल्या घरगुती खानावळीत ते खरं नाही. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी यावर दोन दिवस सहज निघतात. फक्त सकाळीच सांगून ठेवा.

पाण्यात उतरण्याआधी

हा भाग वगळू नका. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला गेलेले आठ जण बुडाले. आपल्या गावात ती बातमी ज्यांनी ऐकली त्यांना अजून आठवते. समुद्र तेव्हा खवळलेला नव्हता, पावसाळाही नव्हता. घाटावरच्या माणसाला विहीर, तलाव, नदी माहीत असते. समुद्राची ओढ माहीत नसते. विहिरीत उत्तम सूर मारणारा इथे पोहणारा ठरत नाही.

ओढ म्हणजे किनाऱ्यावर आलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून वेगाने परत आत जाणं. गंमत अशी की हा पट्टा वरून शांत दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधे फुटत नाहीत, तिथेच पाणी गढूळ किंवा गडद दिसतं. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. पट्टा रुंद नसतो. बाहेर पडलात की मग लाटांबरोबर तिरकं आत या. पोहता येत नसेल तर उताणे तरंगत राहा आणि हात वर करा. बुडणाऱ्याला वाचवायला साखळी करून किंवा एकट्याने उडी मारू नका. असे प्रसंग एकाचे चार होतात ते याच कारणाने. रिकामा पाण्याचा कॅन, दोर, ओढणी, जे असेल ते फेका आणि ओरडून जीवरक्षकाला बोलवा.

नदीचं मुख सगळ्यात वाईट. केरीला तेरेखोल, देवबागला कर्ली, कारवारला काळी: अशा जागी ओहोटी लागली की खाडीचं सगळं पाणी समुद्राकडे धावतं. फोटो काढा, पाय बुडवू नका. तिथीचं गणित इथे कामाला येतं. भरतीची वेळ टळली की मुखाजवळच्या सगळ्यांना हाका मारून मागे घ्या.

गोव्यातल्या मोठ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे उतरायचं, नुसता लाल झेंडा असेल तर उतरायचंच नाही. सिंधुदुर्गातल्या लहान गावांत असा बंदोबस्त सगळीकडे नसतो, तिथे कोळ्याला विचारा. “इथं नको” असं तो म्हणाला तर कारण विचारत बसू नका. कंबरेच्या वर पाणी गेलं की परत, हा नियम पोहता येणाऱ्यांनाही लावा. दारू पिऊन कुणी पाण्याकडे निघाला तर त्याला धरून बसवा, मित्र रुसला तरी चालेल. मुलांवर लक्ष ठेवायचं काम एका माणसाला नाव घेऊन द्या. सगळे बघतायत असं वाटतं तेव्हा कुणीच बघत नसतं.

जेलीफिश डसला तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका, डंख वाढतो. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे काडीने किंवा चिमट्याने काढा, मग सोसेल तितक्या गरम पाण्यात तो भाग बुडवा. श्वास लागला किंवा तोंड सुजलं तर थेट दवाखाना.

पिशवीत आणि गाडीत

फार काही लागत नाही. टोपी, सुती कपड्यांचे दोन जादा जोड, ओल्या कपड्यांना प्लास्टिकची पिशवी, जुनी साडी किंवा चादर वाळूत अंथरायला, उलटीची गोळी. गोळी घाट लागण्याआधी अर्धा तास द्यायची. वळणं सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीतच जाते. कडक उन्हात नारळाचं तेल फासून झोपू नका, सनस्क्रीन लावा आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावा.

गाडीचे कागद, विमा, प्रदूषण दाखला आणि लायसन्स चालू आहेत का बघा. बाहेरची नंबरप्लेट दिसली की तपासणी होते. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त असतं, म्हणून चोर्ल्याने जाताना घाटापुरतं भरा आणि टाकी साखळीला पूर्ण करा. वाळूत गाडी घालू नका. रुतते, भरतीला मिळते, आणि गोव्यात त्यासाठी गुन्हाही दाखल होतो.

परतीचा घाट

सूर्यास्त बघायचा असेल तर मुक्काम करा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. तिथून निघालात तर घाट पूर्ण काळोखात, आणि दिवसभर उन्हात-पाण्यात दमलेला माणूस स्टिअरिंगवर. एका दिवसातच परतायचं असेल तर चारला किनारा सोडा. धुकं असेल तर मोठे दिवे उपयोगी पडत नाहीत, खालचे लावा आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसतील इतक्याच अंतराने चाला.

कणकुंबी आणि अनमोडला अबकारी नाके आहेत. गोव्यातली दारू परवान्याशिवाय आणली की बाटल्या तर जातातच, वर गुन्हा आणि गाडी जप्त. “चार बाटल्यांना कोण बघतंय” म्हणणारे बरेच जण तिथे रांगेत उभे दिसतात. आणायचंच तर कोकमाचं आगळ, आमसुलं, सुके बांगडे आणि जवळा आणा, सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी खेळणी आणा. सुकी मासळी दोन पिशव्यांत घट्ट बांधा, नाहीतर पुढचे पंधरा दिवस गाडीत बसवणार नाही. ताजा मासा न्यायचा असेल तर थर्माकोलच्या पेटीत तळाला आणि वर बर्फ, आणि पेटीचं पाणी घाटात मागच्या सीटवर सांडणार नाही असं ठेवा.

दुसऱ्या दिवशी गाडी धुवायला द्या आणि खालचा भाग गोड्या पाण्याने मारायला मुद्दाम सांगा. खारी हवा आणि वाळू पत्र्याला आतून खातात, आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीत ते वर्षभर कळत नाही.